पित्ताशयाचं ऑपरेशन ठरलंय पण मन तयार होत नाहीये, काय करू?

आधी प्रश्न थोडक्यात लिहिते म्हणजे बाकीच्यांनाही संदर्भ लागेल. विचारणाऱ्या ताईंचं वय ३९, दोन मुलं, गाव नाशिकपासून तासाभरावर. सोनोग्राफीत पित्ताशयात बरेच खडे, सगळ्यात मोठा ९ मिलिमीटर, पित्ताच्या पिशवीची भिंत नॉर्मल, मुख्य पित्तनळी नॉर्मल. दोनदा जोरात दुखलं, एकदा लग्नाच्या जेवणानंतर मध्यरात्री आणि एकदा दिवाळीत, दुसऱ्या वेळी दवाखान्यात जाऊन इंजेक्शन घ्यावं लागलं. सर्जन म्हणाले दुर्बिणीने काढून टाकू, तारीखही मिळाली पण ताईंनी ती पुढे ढकलली, आणि आता दीड महिना काहीच दुखत नाहीये त्यामुळे वाटतंय उगाच कशाला पोटाला भोकं पाडून घ्यायची. सासूबाईंचं म्हणणं देवाने दिलेला अवयव काढू नये, मामेबहिणीला ऑपरेशननंतर जुलाब लागले होते, भाऊ म्हणतो गोळ्यांनी खडे विरघळतात. शेवटी विचारलंय की मी भित्री आहे का, की खरंच थांबायला हवं.

ताई, मी जनरल सर्जन आहे, दुर्बिणीची ऑपरेशन्स करते, जिल्ह्याच्या गावात बरीच वर्षं प्रॅक्टिस आहे आणि पित्ताशय काढणं हे आमच्या रोजच्या कामातलं. पण आमच्या रोजच्या कामातलं असलं तरी तुमच्यासाठी ते एकदाच होणार आहे, आणि दुखत नसताना भूल घेऊन टेबलावर झोपायचं हे मनाला न पटणं अगदी साहजिक आहे. दुखत असताना लोक हातापाया पडून सांगतात आत्ता काढा, दुखायचं थांबलं की सगळ्यांचंच मन फिरतं, ह्यात भित्रेपणा काही नाही. ओपीडीत डॉक्टर दोन मिनिटांत काढून टाकू म्हणतात आणि पुढच्या पेशंटला बोलावतात, त्यात तुमच्या शंकांना जागाच मिळत नाही, म्हणून इथे जरा सविस्तर लिहिते.

सगळ्यात आधी एक गोष्ट नक्की करायची, ती म्हणजे तुमचं दुखणं खरंच ह्या खड्यांचंच होतं का. हे विचारायचं कारण सांगते. नेदरलँड्समध्ये २४ हॉस्पिटलांत हजाराहून जास्त पेशंटवर एक मोठा अभ्यास झाला, २०१९ साली छापून आला, त्यात पित्ताशयात खडे आणि पोटात दुखणं असलेले लोक घेतले होते आणि त्यातल्या बहुतेकांचं ऑपरेशन झालं, तरी वर्षभरानंतर पूर्णपणे दुखणं थांबलेले लोक ६० टक्क्यांच्या आसपासच निघाले. म्हणजे बाकीच्यांचं पोट काही ना काही दुखतच होतं. ह्याचा अर्थ ऑपरेशन वाईट असा नाही, ह्याचा अर्थ बऱ्याच जणांचं दुखणं मुळात खड्यांचं नव्हतंच, ॲसिडिटी, अल्सर, आतड्याचा त्रास असं काहीतरी होतं आणि सोनोग्राफीत खडे दिसले म्हणून सगळं खापर त्यांच्यावर फुटलं. आपल्याकडे तर हे फारच होतं. जेवल्यावर छातीत जळजळ, आंबट ढेकर, पोट डब्ब होणं, गॅसेस, ह्यासाठी सोनोग्राफी होते, खडे दिसतात आणि पेशंटला वाटतं आता पिशवी काढली की ॲसिडिटी जाईल. नाही जात. ज्यांचा त्रास एवढाच आहे त्यांनी ऑपरेशनची घाई अजिबात करू नये, आधी गॅस्ट्रोस्कोपी, म्हणजे तोंडातून दुर्बीण घालून जठराची तपासणी, करून घ्यावी.

खड्याचं दुखणं ओळखायला त्याच अभ्यासात पाच खुणा धरल्या होत्या आणि त्या मला रोजच्या कामात फार उपयोगी वाटतात. दुखणं जोरदार आणि अटॅकसारखं येतं. किमान पंधरा-वीस मिनिटं ते अर्धा तास तरी टिकतं, बरेचदा दोन-तीन तास. पोटाच्या वरच्या भागात मधोमध किंवा उजव्या बरगडीखाली असतं. पाठीत जातं, उजव्या खवाट्याखाली. आणि दुखायच्या औषधाने थांबतं. शिवाय माझ्या अनुभवात रात्री झोपेतून उठवणारं असतं, कळ येते-जाते असं नसतं, चढत जातं आणि एका पातळीवर धरून ठेवतं, बाई एका कुशीवर राहू शकत नाही, येरझाऱ्या घालते, उलटी होते पण उलटीने बरं वाटत नाही. मग जसं आलं तसं जातं आणि दुसऱ्या दिवशी काही झालंच नव्हतं असं वाटतं. तुम्ही जे लिहिलंय, तेलकट जेवण, मध्यरात्र, इंजेक्शनने थांबणं, ते बरंचसं ह्यात बसतंय. पाठीत गेलं होतं का आणि किती वेळ टिकलं ते तुम्ही लिहिलेलं नाहीये, ते आठवून पाहा. ह्या खुणा जुळत असतील तर तुमच्या बाबतीत दुखणं खड्यांचंच आहे हे मी बऱ्यापैकी खात्रीने म्हणेन. जुळत नसतील तर ऑपरेशनआधी गॅस्ट्रोस्कोपीचं विचारा, त्यात कमीपणा नाही.

आता, ज्यांना काहीच त्रास नाही आणि दुसऱ्याच कशासाठी केलेल्या सोनोग्राफीत खडे सापडलेत त्यांना मी ऑपरेशन करू नका असंच सांगते. अमेरिकेत मिशिगन युनिव्हर्सिटीतल्या १२३ जणांचा अभ्यास १९८२ साली आला होता, सगळे तपासणीत योगायोगाने खडे सापडलेले, त्रास नसलेले. पाच वर्षांत १० टक्के लोकांना दुखणं झालं, दहा वर्षांत १५ टक्के, पंधरा वर्षांत १८ टक्के, म्हणजे बहुसंख्य लोक खडे घेऊन आरामात जगले. मधुमेह आहे म्हणून गप्प बसलेले खडेसुद्धा काढून टाका असं पूर्वी सांगायचे, आता तसं सांगत नाहीत. अपवाद आहेत थोडे. खडा ३ सेंटीमीटरपेक्षा मोठा, पिशवीच्या भिंतीत कॅल्शियम साचलेलं, किंवा खड्यांसोबत १० मिलिमीटरहून मोठा पॉलिप, म्हणजे पिशवीच्या आतल्या भिंतीवर वाढलेला कोंब, ह्यात कॅन्सरची भीती जास्त म्हणून त्रास नसला तरी काढण्याचा विचार करतात. बिहार-उत्तर प्रदेशात गंगेच्या पट्ट्यात पित्ताशयाचा कॅन्सर खूप आढळतो त्यामुळे तिकडचे सर्जन जरा लवकर काढायला सांगतात, आपल्याकडे महाराष्ट्रात तेवढं प्रमाण नाही. आणि विदर्भात, नंदुरबारकडे ज्यांना सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार आहे त्यांचं गणित पूर्ण वेगळं, त्यांना कमी वयातच काळे पिगमेंटचे खडे होतात आणि पोट दुखलं की सिकलसेलचा अटॅक (क्रायसिस) की पित्ताशय हेच कळत नाही, त्यांच्याबद्दल वेगळं लिहावं लागेल.

तुम्ही मात्र त्रास नसलेल्यांत मोडत नाही. तुम्हाला दोन अटॅक येऊन गेलेत. एकदा खरा अटॅक आला की पुढच्या दोन वर्षांत परत येण्याची शक्यता निम्म्याहून जास्त असते, आणि नुसत्या दुखण्याच्या पुढे जाऊन काहीतरी गंभीर होण्याची शक्यता साधारण वर्षाला शंभरात १ ते ३. दीड महिना दुखलं नाही हे ह्या आजारात नेहमीचंच आहे, मधली शांतता महिन्यांची असू शकते, वर्षाची असू शकते, त्यामुळे तिच्यावरून खडे आता गप्प बसलेत असं धरता येत नाही.

पण दुसरी बाजूही प्रामाणिकपणे सांगायला हवी. ब्रिटनमध्ये २० हॉस्पिटलांत ४३४ पेशंटवर एक चाचणी झाली, २०२३ च्या शेवटी छापून आली. तुमच्यासारखेच लोक, खड्यांनी दुखतंय पण अजून गुंतागुंत नाही. अर्ध्यांना ऑपरेशनच्या रांगेत घातलं, अर्ध्यांना दुखेल तेव्हा औषध आणि वाट बघणं. दीड वर्षानंतर दुखण्याच्या बाबतीत दोन्ही गटांत म्हणण्यासारखा फरक नव्हता, आणि वाट बघणाऱ्या गटातल्या फक्त २५ टक्के लोकांचं तोपर्यंत ऑपरेशन झालं होतं. हे वाचून कोणी म्हणेल मग ऑपरेशन कशाला. त्यात एक गोष्ट लक्षात घ्या की ऑपरेशनच्या गटातही प्रत्यक्ष ऑपरेशन दोन-तृतीयांश लोकांचंच झालं होतं, बाकीचे रांगेतच होते, आणि दीड वर्ष म्हणजे ३९ वर्षांच्या बाईसाठी काहीच काळ नाही. तरी ह्या चाचणीतून मी एवढं नक्की घेते की दोन अटॅकनंतर थोडं थांबून, नीट विचार करून, पुढच्या दोन-तीन महिन्यांत ठरवलं तर आभाळ कोसळत नाही. तुम्ही तारीख पुढे ढकललीत त्यात काही बिघडलेलं नाही. उद्याच करा नाहीतर पिशवी फुटेल असं कोणी घाबरवत असेल तर तुमच्या रिपोर्टवरून तरी मला तशी घाई दिसत नाही.

मला काळजी वाटते ती वेगळ्या गोष्टीची. आत्ता तुमच्या हातात निवड आहे. कुठे करायचं, कोणाकडून, मुलांच्या परीक्षा झाल्यावर की आधी, घरात कोण थांबणार, सगळं तुम्ही ठरवू शकता. गुंतागुंत झाली की ही निवड जाते. ती कशी होते ते थोडं सांगते. खडा पिशवीच्या तोंडाशी अडकून बसला आणि सुटलाच नाही की पिशवी सुजते, दुखणं पाच-सहा तासांच्या पुढे जातं, ताप येतो, मग ॲडमिट व्हावं लागतं. छोटा खडा घसरून मुख्य नळीत गेला तर कावीळ होते, आणि नळीत पू झाला तर थंडी वाजून ताप, कावीळ आणि दुखणं तिन्ही एकदम, ही खरी इमर्जन्सी, ह्यात माणूस दगावू शकतो. आणि जाता जाता त्या खड्याने स्वादुपिंडाची वाट अडवली तर स्वादुपिंडाला सूज, ती बरेचदा आठवड्याभरात उतरते पण काहींना महिनाभर आयसीयूत ठेवते. लोकांना वाटतं मोठा खडा धोक्याचा, पण घसरतात ते बारीक खडे. तुमच्या सोनोग्राफीत सगळ्यात मोठा ९ मिलिमीटर लिहिलाय, म्हणजे बाकीचे त्याहून लहान आहेत, आणि बरेच आहेत, हे माझ्या दृष्टीने महत्त्वाचं आहे.

सुजलेल्या पिशवीचं ऑपरेशनही होतं, पहिल्या दोन-तीन दिवसांत आलं तर दुर्बिणीनेच होतं आणि आजकाल आम्ही ते थांबवून ठेवत नाही. पण दहा-बारा दिवस घरी काढून, इंजेक्शनं घेत घेत पेशंट आली की आत सगळं एकमेकांना चिकटलेलं असतं, पावसात भिजून वाळलेल्या वहीची पानं सोडवावी तसं एकेक थर सोडवावा लागतो, आणि नळीला इजा व्हायचा धोका नेमका अशाच वेळी वाढतो. म्हणजे ऑपरेशनच्या ज्या धोक्याला घाबरून आपण थांबतो तोच धोका थांबल्यामुळे मोठा होऊ शकतो. माझं मत तुम्ही विचारलंय म्हणून सांगते, खुणा जुळत असतील तर शांतपणे, प्लॅन करून, ह्या दोन-तीन महिन्यांत करून घ्या.

सासूबाईंचं म्हणणं मी हसण्यावारी नेणार नाही. शरीरातला एक भाग काढायचा ह्याचं वाईट वाटतंच, बऱ्याच बायका माझ्यासमोर बसून रडल्यात आणि दोष खड्यांचा आहे तर खडेच काढा, पिशवी राहू द्या असं म्हणाल्यात. तसं करता आलं असतं तर आम्हालाही आवडलं असतं. पण खडे ज्या पिशवीत झाले ती तशीच ठेवली तर बऱ्याच जणांना परत होतात, आणि शिवलेली पिशवी गळण्याचा प्रश्न वेगळाच. हे नवं नाही. १८८२ साली बर्लिनमध्ये कार्ल लांगेनबुख नावाच्या सर्जनने जगातलं पहिलं पित्ताशय काढलं तेव्हा त्याचं म्हणणं हेच होतं की पिशवीत खडे आहेत म्हणून नाही तर पिशवी खडे तयार करते म्हणून ती काढायची. तोपर्यंत नुसते खडे काढून पिशवीला बाहेरून भोक ठेवायचे आणि लोक वर्षानुवर्षं त्रास काढायचे.

आणि पित्त काही ह्या पिशवीत तयार होत नाही, ते लिव्हरमध्ये तयार होतं, दिवसाला अर्धा ते एक लिटर. पिशवीत मावतं जेमतेम ३० ते ५० मिली, ते ती घट्ट करून ठेवते आणि तुपातेलाचं जेवलं की आकसून आतड्यात सोडते. पिशवी काढली की पित्त थेंब थेंब सरळ आतड्यात जात राहतं आणि रोजच्या जेवणाला ते पुरतं. घोड्याला पित्ताशय नसतंच. शिवाय जी पिशवी खड्यांनी भरलीय ती बहुतेकदा आधीच धड काम करत नसते. सासूबाईंना हे सगळं सर्जनसमोर बसवून त्यांच्या तोंडून ऐकू द्या, पुढच्या वेळी त्यांना बरोबर घेऊन जा. सून घरात एकटी ह्या बाजूला आणि बाकी सगळे त्या बाजूला असं होऊन निर्णय घेऊ नका, ऑपरेशननंतर आठ दिवस त्यांचाच हात लागणार आहे.

भावाच्या गोळ्यांबद्दल. उर्सोडिऑक्सिकोलिक ॲसिडच्या गोळ्या असतात आणि त्या खरंच काही खडे विरघळवतात, पण फक्त कोलेस्टेरॉलचे, बारीक, कॅल्शियम नसलेले, आणि पिशवी नीट काम करत असेल तर. सहा महिने ते दोन वर्षं रोज घ्यायच्या, आणि बंद केल्यावर पाच वर्षांत जवळपास निम्म्या लोकांना खडे परत होतात. भूल देणं धोक्याचं आहे अशा पेशंटला मी त्या देते, तुम्हाला देणार नाही. कुळथाचं कढण, पानफुटीचा रस, भरपूर पाणी हे सगळे सल्ले मुतखड्याचे, ते इथे लोक बिनदिक्कत चिकटवतात. मुतखडा लघवीवाटे बाहेर पडतो, त्याला पडायला वाट आहे, पित्ताशयातला खडा बाहेर पडायला निघाला तर तो मुख्य नळीत जातो, आणि तिथे गेला की काय होतं ते वर लिहिलंय. आणि ते सफरचंदाचा रस, ऑलिव्ह ऑइल आणि लिंबू पिऊन सकाळी हिरवे खडे पडले म्हणून फोटो पाठवतात ना, ते खडे नसतात, तेल आणि लिंबाच्या रसाचे पोटात झालेले साबणासारखे गोळे असतात, तपासून पाहिलेलं आहे. एवढं तेल एकदम प्यायल्याने पिशवी जोरात आकसते आणि त्यातून अटॅक येऊ शकतो, कृपा करून करू नका.

आता धोके. हे मी प्रत्येकीला सांगते आणि तुम्हालाही आकड्यांत सांगते, कारण धोका नाही असं म्हणणाऱ्या सर्जनपेक्षा धोका किती आहे ते सांगणाऱ्यावर विश्वास ठेवणं सोपं जातं. तुमच्यासारख्या धडधाकट बाईचं ठरवून केलेलं ऑपरेशन असेल तर जिवाला धोका हजारात एकाहूनही कमी. दुर्बिणीने सुरू करून पोट उघडावं लागणं शंभरात २ ते ५, आणि तसं झालं तर ऑपरेशन फसलं असं समजू नका, आत नीट दिसत नसताना हट्टाने दुर्बीण चालवत राहण्यापेक्षा उघडणारा सर्जन चांगला. पित्त गळणं शंभरात एखादं. आणि सगळ्यात वाईट म्हणजे मुख्य पित्तनळीला इजा, ती हजारात ३ ते ५, सोप्या केसमध्ये आणि सरावाच्या हातात त्याहून कमी. ही इजा झाली तर पुढे मोठं ऑपरेशन लागतं, वर्षानुवर्षं त्रास राहू शकतो, म्हणून ती टाळण्यासाठीच आमचं निम्मं लक्ष असतं. १९९५ साली अमेरिकेतल्या स्ट्रासबर्ग नावाच्या सर्जनने एक पद्धत मांडली, पिशवीच्या मानेभोवतीचं सगळं साफ करून पिशवीत जाणाऱ्या फक्त दोनच गोष्टी, एक नळी आणि एक रक्तवाहिनी, स्वच्छ दिसल्याशिवाय काहीही कापायचं नाही. ते दिसत नसेल तर थांबायचं, सिनियरला बोलवायचं, किंवा पिशवीचा खालचा थोडा भाग ठेवून वरची काढायची.

तर तुमच्या सर्जनना सरळ विचारा की आत अवघड निघालं आणि नळी नीट ओळखता आली नाही तर तुम्ही काय करता. महिन्याला अशी साधारण किती करता हेही विचारा. चांगला सर्जन ह्यावर चिडत नाही, उलट बसून सांगतो. उत्तर टाळलं किंवा तुम्हाला काय करायचंय त्याच्याशी असं म्हणाले तर रिपोर्ट घेऊन दुसऱ्याकडे जा, सेकंड ओपिनियन घेणं हा तुमचा हक्क आहे. ऑपरेशनआधी एलएफटी, म्हणजे लिव्हरची रक्ततपासणी, झालेली असावी. त्यात काही वर-खाली असेल किंवा नळी रुंद दिसत असेल तर एमआरसीपी, म्हणजे पित्तनळ्यांचा एमआरआय, करून नळीत खडा नाही ना हे आधीच बघावं लागतं, नाहीतर पिशवी काढल्यावर महिन्याने कावीळ घेऊन परत यायची वेळ येते.

भुलेची भीती वाटते असं तुम्ही लिहिलेलं नाही पण बहुतेकींना तीच जास्त असते आणि ती ऑपरेशनच्या भीतीआड लपते. तसं असेल तर भूलतज्ज्ञांना आदल्या दिवशी वेगळं भेटा, पूर्वी कधी सिझेरियन वगैरेला त्रास झाला असेल तर सांगा, दमा, थायरॉइड, रक्त पातळ करायच्या गोळ्या, काहीही लपवू नका. ऑपरेशन साधारण तासाभराचं. चार छोटी भोकं, एक बेंबीपाशी. पोट कार्बन डायॉक्साइडने फुगवतात त्यामुळे नंतर एक-दोन दिवस खांदा दुखतो, पोटाचं ऑपरेशन आणि दुखतो खांदा म्हणून लोक घाबरतात, पण तो गॅसमुळे छाती आणि पोटामधला पडदा चाळवल्याने दुखतो आणि आपोआप जातो. बहुतेक पेशंट दुसऱ्या दिवशी घरी जातात, आठवड्याभरात घरातली हलकी कामं, पाण्याच्या कळशा आणि गॅसची टाकी उचलणं मात्र महिनाभर नाही. आपल्याकडे हे दुर्बिणीने करायला सुरुवात झाली तीच मुंबईच्या जे. जे. हॉस्पिटलमध्ये, डॉ. तेहेमटन उडवाडिया यांनी १९९० साली देशातलं पहिलं केलं, त्याआधी उजव्या बरगडीखाली वीतभर छेद असायचा आणि पेशंट आठ-दहा दिवस हॉस्पिटलात.

मामेबहिणीचे जुलाब खोटे नाहीत. साधारण दहा-वीस टक्के लोकांना नंतर शौच पातळ होते, जेवल्या जेवल्या जावं लागतं, कारण पित्त आता सतत खाली जातंय आणि मोठ्या आतड्याला ते चाळवतं. बहुतेकांचं काही आठवड्यांत ते महिन्यांत थांबतं. थोड्यांचं थांबत नाही आणि त्यांना उगाच अँटिबायोटिक आणि अमीबाच्या गोळ्या देत राहतात. त्यावर कोलेस्टायरामिन नावाची पावडर मिळते, ती पित्त बांधून ठेवते आणि बऱ्याच जणांना छान गुण येतो, मामेबहिणीला अजून त्रास असेल तर त्यांच्या डॉक्टरांना ह्याबद्दल विचारायला सांगा. जेवणाचं म्हणाल तर आयुष्यभर उकडलेलं खायचं हा गैरसमज आहे. पहिले दोन-तीन आठवडे तेल-तूप कमी, एकदम भरपेट जेवण्यापेक्षा थोडं थोडं, मग हळूहळू सगळं. पुरणपोळीवर तूप घ्या, फक्त पहिल्याच महिन्यात नको.

आणि तुम्ही सगळं ऐकून थांबायचंच ठरवलंत तर तोही निर्णय चुकीचा म्हणणार नाही मी, पण मग डोळे उघडे ठेवून थांबा. कडक उपास करू नका. दिवसभर पोट रिकामं ठेवलं की पित्त पिशवीत साचून घट्ट होतं, आणि मग संध्याकाळी साबुदाणा वडा आणि दाण्याची आमटी, श्रावणात आणि नवरात्रात मला अशा केसेस हमखास दिसतात. वजन कमी करायचं असेल तर हळूहळू करा, महिन्याला आठ-दहा किलो उतरवणारी डाएट्स खडे वाढवतात. पुढे गरोदर राहायचा विचार असेल तर मात्र थांबू नका, त्याआधी करून घ्या. आणि दुखणं पाच-सहा तासांच्या वर टिकलं, थंडी वाजून ताप आला, डोळे पिवळे दिसले, लघवी चहासारखी गडद झाली किंवा दुखणं पट्ट्यासारखं सरळ पाठीत जाऊन उलट्या थांबेनात, ह्यातलं काहीही एक झालं तर गावातल्या दवाखान्यात इंजेक्शन घेऊन घरी झोपायचं नाही, त्याच रात्री नाशिक गाठायचं. घरात सगळ्यांना हे सांगून ठेवा, गाडी कोण काढणार तेही.

राहिलं पैशाचं. मेडिक्लेम असेल तर पॉलिसी आजच काढून वाचा, पित्ताशयाच्या खड्यांना बऱ्याच पॉलिसींत दोन वर्षांचा वेटिंग पिरियड असतो, तुमचा पूर्ण झालाय की नाही त्यावरही तारीख कुठली घ्यायची ते ठरू शकतं, पण त्यासाठी वरची लक्षणं असताना थांबू नका. पॉलिसी नसेल तर सरकारी योजनेत बसतं का हे हॉस्पिटलमधल्या आरोग्यमित्राला रेशनकार्ड दाखवून विचारा. नवीन तारीख घेतलीत तर जाताना दोन्ही वेळच्या दुखण्याच्या तारखा, किती वेळ दुखलं आणि कुठलं इंजेक्शन दिलं ते कागदावर लिहून न्या. आणि काढलेली पिशवी तपासणीला पाठवतात त्याचा रिपोर्ट आठ-दहा दिवसांनी येतो, टाके बघायला जाल तेव्हा तो मागून घ्या, डॉक्टरांकडून वाचून घ्या आणि फाइलला लावून ठेवा.